वेळ झाला, वेळ झाली

मराठीत 'वेळ' हा शब्द दोन लिंगांत चालतो. तो वेळ लागतो, जातो, मोडतो, पुरत नाही. ती वेळ येते, ठरते, टळते, साधावी लागते. 'वेळ झाला' म्हटलं की उशीर झालेला असतो. 'वेळ झाली' म्हटलं की उठायचं असतं. मी तमिळमधून मराठीत अनुवाद करते. तमिळमध्ये या दोन्ही ठिकाणी 'नेरम आच्चु' चालून जातं. त्यामुळे हे पात्र उशिराची तक्रार करतंय की निघायची सूचना देतंय, हे दर वेळी मला ठरवावं लागतं. इतकी वर्षं हा माझ्यासाठी व्याकरणातला प्रश्न होता. गेल्या वर्षी मे महिन्यात चेन्नईत माझ्या वडिलांच्या पीएसएमए पेट स्कॅनसाठी एका पानाचं सूचनापत्रक मराठीत उतरवताना तो व्याकरणाबाहेर आला.

आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. मिरज आणि सांगली या दोन स्थानकांवर मिळून त्यांची तीस वर्षं गेली. कोणती गाडी कुठल्या फलाटाला किती वाजता लागली, किती वाजता सुटली, उशीर का झाला, हे नोंदवणं हेच काम. चार वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्यांची प्रोस्टेट ग्रंथी काढली. ग्रंथी काढली की रक्तातलं पीएसए नावाचं प्रथिन जवळजवळ शून्यावर यायला हवं, कारण ते तयार करणाऱ्या पेशीच उरत नाहीत. तीन वर्षं ते शून्याच्या आसपास राहिलं. मग ०.२१ आलं. तीन महिन्यांनी ०.२७. पुढच्या खेपेला ०.३४. शस्त्रक्रियेनंतर लागोपाठ दोनदा ०.२ किंवा त्याच्या वर आकडा आला, तर आजार परतला असं धरतात. आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. मी म्हटलं, इकडे या. ते आले. सोबत एक वही होती. तिच्यात चार वर्षांचे सगळे आकडे तारीखवार, निळ्या पेनाने, ०.२ च्या वरचे लाल पेनाने.

पहिला प्रश्न स्कॅन कसं करायचं हा नव्हता, कधी करायचं हा होता. डॉक्टरांनी कागदावर एक छोटा तक्ता काढला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६३५ पुरुष होते, सगळे आप्पांसारखे, म्हणजे उपचारानंतर पीएसए पुन्हा वर चढलेले. त्या सगळ्यांचं गॅलियमचं पीएसएमए पेट स्कॅन झालं. पीएसए ०.५ च्या खाली असलेल्यांपैकी ३८ टक्क्यांत आजाराची जागा सापडली. ०.५ ते १ मध्ये ५७ टक्के, १ ते २ मध्ये ८४ टक्के, आणि ५ च्या पुढे ९७ टक्के. म्हणजे ०.३४ ला स्कॅन केलं तर काही न दिसण्याचीच शक्यता जास्त. मग आकडा वाढू द्यावा का? तर त्यालाही किंमत आहे. शस्त्रक्रियेच्या जागेला रेडिएशन द्यायचं असेल, तर पीएसए ०.५ च्या आत असताना दिलेलं अधिक उपयोगी पडतं. दिसायला हवं असेल तर थांबा. बरं व्हायचं असेल तर थांबू नका.

मी हे मराठीत सांगितलं. आप्पांनी तक्ता जवळ ओढून पाहिला आणि म्हणाले, "स्टँडावरचाच हिशेब आहे. गाडी लवकर सोडली तर रिकामी जाते. भरायची वाट बघत बसलं, तर माणसं वडापनं निघून जातात." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. वडापला मी चेन्नईची 'शेअर ऑटो' केलं. ते हसले. मग म्हणाले, लवकरच सोडू. स्कॅनमध्ये काही दिसलं तर रेडिएशनची दिशा बदलेल. नाही दिसलं तरी रेडिएशन थांबणार नाही.

त्या रात्री मी सूचनापत्रक घेऊन बसले. पानभर इंग्रजी, पाठीमागे तमिळ. एकूण बारा ओळी, त्यातल्या सात ओळींत वेळेचा उल्लेख. आप्पांना इंग्रजी वाचता येतं, पण शरीराबद्दलचं त्यांना मराठीतच हवं असतं. पहिला अडसर होता 'ट्रेसर'. मराठीत माग काढणं आहे, मागोवा घेणं आहे. मी 'माग काढणारं औषध' असं लिहिलं आणि 'औषध' खोडलं, कारण ते काहीच बरं करत नाही. ते फक्त जातं, बसतं आणि आपण कुठे आहोत हे सांगतं.

या कल्पनेचा उगम एका खाणावळीत आहे, असं सांगतात. जॉर्ज द हेवेशी हा हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ १९११ च्या सुमारास मँचेस्टरमध्ये भाड्याच्या खोलीत राहत होता. मालकीणबाई रविवारचं उरलेलं मटण आठवडाभर रूप बदलून वाढतात, असा त्याला संशय होता. बाई मान्य करीनात. एका रविवारी त्याने ताटात उरलेल्या घासात किरणोत्सारी पदार्थाचा कण टाकला आणि काही दिवसांनी वाढलेल्या पदार्थाजवळ उपकरण धरलं. माग लागला. १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला याच पद्धतीसाठी मिळालं. अर्थात मटणासाठी नव्हे. आप्पांना ही गोष्ट फार आवडली. सांगलीच्या त्यांच्या जुन्या खाणावळीबद्दलही त्यांना असाच एक संशय होता.

दुसरा अडसर नावातच होता. पीएसएमए म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींच्या आवरणावरचं एक विशिष्ट प्रथिन. कर्करोगाच्या पेशींवर ते कितीतरी पटींनी जास्त असतं, म्हणून त्याला जाऊन चिकटणारा रेणू शरीरात सोडला की दडलेल्या पेशी सापडतात. पण 'विशिष्ट' हा शब्द नाव ठेवणाऱ्यांनी घाईने वापरला. तेच प्रथिन लाळग्रंथींत आहे, अश्रुग्रंथींत आहे, लहान आतड्यात आणि मूत्रपिंडांत तर भरपूर आहे. प्रत्येक स्कॅनमध्ये ही सगळी ठिकाणं उजळतात, निरोगी असूनही. पोटातल्या काही मज्जागाठीही किंचित उजळतात आणि नवख्याला त्या कर्करोगाच्या गाठी वाटू शकतात. शब्द एका जागेचा म्हणून मिरवतो आणि चार जागी राहतो, हा अनुभव अनुवादकाला नवा नाही. इथेही अर्थ आजूबाजूच्या संदर्भावरून लावावा लागतो, म्हणून स्कॅन वाचणारा माणूस महत्त्वाचा.

हा चिकटणारा रेणू स्वतः दिसत नाही. त्याच्या पाठीवर किरणोत्सारी धातूचा एक अणू बसवावा लागतो, आणि तो पडू नये म्हणून त्याला धरून ठेवणारा पकडरेणू लागतो. इंग्रजीत त्याला जे नाव आहे ते ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून आलं आहे. कर्करोग हे नावही खेकड्याचंच. ग्रीक वैद्यांनी ठेवलं आणि संस्कृतातल्या कर्काने आपल्याकडे आणलं. खेकड्याच्या शोधात खेकड्याचीच नांगी. हे मी आप्पांना सांगितलं नाही, त्यांना खेकड्याचा रस्सा आवडतो.

नांगीत धरलेला धातू म्हणजे गॅलियम-६८. त्याच्या वंशावळीत आपलाही एक शब्द आहे. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये आवर्तसारणीतल्या रिकाम्या जागा दाखवून, तिथे कोणती मूलद्रव्यं सापडतील ते आधीच लिहून ठेवलं. अजून न जन्मलेल्या या मूलद्रव्यांना नावं देताना त्याने संस्कृत संख्या वापरल्या. ॲल्युमिनियमच्या एक घर पुढचं ते 'एक-ॲल्युमिनियम', सिलिकॉनच्या एक घर पुढचं ते 'एक-सिलिकॉन'. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये पहिलं सापडलं, त्याचं नाव गॅलियम झालं. १८८६ मध्ये जर्मनीत दुसरं सापडलं, ते जर्मेनियम. आप्पांच्या स्कॅनसाठी लागणारं गॅलियम जर्मेनियमपासूनच तयार होतं. 'एक-सिलिकॉन'चा एक अणू विघटन पावतो आणि 'एक-ॲल्युमिनियम' होतो. साधं गॅलियम तीस अंशांच्या जरा खालीच वितळतं. मे महिन्यातल्या चेन्नईत ते टेबलावर ठेवलं तर पाण्यासारखं पसरेल.

तिसरा अडसर 'अर्धायुष्य'. इंग्रजी संज्ञेचा मराठीतला हा रूढ प्रतिशब्द. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसासाठी लिहिताना मी तो दोनदा खोडला आणि दोनदा परत लिहिला, कारण दुसरा नेमका शब्द नाही. गॅलियम-६८ चं अर्धायुष्य ६८ मिनिटं. आप्पांनी लगेच विचारलं, "म्हणजे उरलेलं अर्धं पुढच्या ६८ मिनिटांत संपणार?" नाही, म्हटलं, उरलेल्याचं अर्धं. त्यांनी पत्रकाच्या कोपऱ्यात वेळापत्रक मांडलं: सात वाजता शंभर, आठ वाजून आठला पन्नास, नऊ सोळाला पंचवीस, दहा चोवीसला साडेबारा. थोडा वेळ बघत राहिले. "ही गाडी डेपोत कधी पोचतच नाही," म्हणाले.

या ६८ मिनिटांमुळे गॅलियम साठवून ठेवता येत नाही. त्यांच्या मागच्या हाडांच्या स्कॅनला टेक्नेशियम वापरलं होतं. त्याचं अर्धायुष्य सहा तास; इंजेक्शननंतर तीन तासांनी या म्हणाले होते आणि आप्पा मधल्या वेळात मिसळ खाऊन आले होते. काही ट्रेसर सायक्लोट्रॉनमध्ये तयार होऊन गाडीने रुग्णालयात येतात. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, तेवढ्यात शहर ओलांडता येतं. देशातलं पहिलं पेट स्कॅनर २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसलं, तेव्हा सायक्लोट्रॉनही तिथेच बसवावं लागलं. गॅलियमला मात्र रुग्णाच्या भिंतीपलीकडेच जन्म घ्यावा लागतो. त्यासाठी जर्मेनियम-६८ भरलेली एक नळी शिशाच्या जाड कवचात ठेवलेली असते. जर्मेनियमचं अर्धायुष्य सुमारे २७१ दिवस, त्यामुळे एक नळी वर्षभर पुरते. आत सतत गॅलियम तयार होत असतं. सकाळी त्यातून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं की जर्मेनियम नळीतच राहतं आणि गॅलियम तेवढं आम्लाबरोबर खाली उतरतं.

या उपकरणाला जनरेटर म्हणतात, आणि ते वापरणारी माणसं जगभर त्याला गाय म्हणतात. तिथल्या तरुण रेडिओफार्मासिस्टने मला ही उपमा इंग्रजीत सांगितली, मला तिचा अनुवाद करावा लागलाच नाही. धार काढणं, पान्हा, पान्हवणं हे सगळे शब्द आमच्या घरात होते. आजीच्या गोठ्यात आप्पा स्वतः धार काढत. एकदा धार काढली की गाय लगेच दूध देत नाही, तसंच इथेही. ६८ मिनिटांनी निम्मा पान्हा परत येतो, साधारण चार तासांनी नव्वद टक्क्यांच्या वर.

धार काढल्यावरची कामंही घड्याळाशी स्पर्धा करतात. गॅलियम त्या रेणूत मिसळायचं, आम्लता नेमक्या पातळीवर आणायची, गरम करायचं, गाळायचं, जंतू अडवणाऱ्या अतिसूक्ष्म गाळणीतून पुन्हा न्यायचं. मग तपासणी. कागदाच्या पट्टीसारख्या एका पट्टीवर थेंब ठेवून मोकळं गॅलियम किती आणि नांगीत पकडलेलं किती ते मोजतात. ९५ टक्क्यांहून अधिक पकडलेलं असेल तरच कुपी पुढे जाते. मोकळं राहिलेलं गॅलियम रक्तात भटकतं आणि भलतंच चित्र उभं करतं. हे सगळं होईपर्यंत अर्धा तास गेलेला असतो आणि कुपीतला चौथा हिस्सा विझलेला असतो. एका कुपीत तीन-चार रुग्ण बसतात. मात्रा किरणोत्साराने मोजायची, त्यामुळे शेवटच्या रुग्णाला तेवढ्याच मात्रेसाठी सुईत जास्त द्रव घ्यावा लागतो. कुणाला आधी घ्यायचं, हे ठरवण्यासाठी तिथे भिंतीवर पांढरा फळा होता. आप्पांनी तो दारातूनच पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर मिरज स्टँड उमटलं.

आम्हाला साडेसातला बोलावलं होतं. सव्वाआठला निरोप आला, पहिली बॅच तपासणीत बसली नाही. आकडा ९५ च्या खाली आला होता. कुणाचा दोष नव्हता. अशा एखाद्या सकाळी असं होतं, आणि न बसलेली बॅच टाकून देणं हीच तिथली शिस्त. जनरेटरला वेळ लागेल, अकराला पुन्हा बघू, असं मी आप्पांना सांगितलं. जनरेटर म्हटल्यावर ते वर पंख्याकडे पाहून म्हणाले, "का, लाइट गेली होती?" मग मी गायीचं सांगितलं, आणि ते शांत झाले. शेजारी विजयवाड्याहून आलेले एक गृहस्थ चिडले होते, त्यांना रात्रीची गाडी होती. आप्पांनी मला त्यांना समजवायला सांगितलं: पहिल्या धारेचं दूध नासलं, गाय पुन्हा पान्हवेल, अकरा वाजता. मी ते तमिळमध्ये सांगितलं, त्यांच्या मुलाने तेलुगूत. ते थोडा वेळ आप्पांकडे बघत राहिले आणि मग त्यांनी डबा उघडून आम्हाला इडली दिली. या स्कॅनला उपाशी राहायची अट नसते.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना आप्पांना आत बोलावलं. इंजेक्शननंतर रुग्ण स्वतःच किरणोत्सारी होतो, म्हणून त्याची खोली वेगळी. नातेवाइकांना तिथे प्रवेश नाही. आप्पांना तमिळ येत नाही, आणि नेमक्या त्या तासात दुभाषी बाहेर. मी आदल्या रात्रीच एक कार्ड करून ठेवलं होतं. देवनागरीत तमिळ: 'तण्णी वेणुम' – पाणी हवं. 'बाथरूम पोगणुम' – लघवीला जायचंय. 'वलिक्कुदु' – दुखतंय. 'इन्नुम एव्वळवु नेरम?' – अजून किती वेळ? कार्डाच्या पाठीवर पत्रकातल्या सूचना मराठीत. नर्सने दार उघडलं आणि म्हणाली, "वांग अप्पा." चेन्नईत आल्यापासून आप्पा म्हणत होते, या गावात दारोदार लोक वांगं-वांगं करतात. 'या' असा त्याचा अर्थ मी त्यांना सांगितला होता. पण त्या दिवशी त्यांनी पहिल्या शब्दाकडे लक्ष दिलं नाही, दुसऱ्याकडे दिलं. तिच्या भाषेत अप्पा म्हणजे बाप, आणि आमच्या घरात ते आप्पाच. "आलो गं," म्हणाले आणि आत गेले.

बाहेर बसून मी तासभर एकाच प्रश्नाशी होते. जे औषध मिनिटामिनिटाला मरतं, ज्याच्यासाठी पहाटेपासून इतकी धावपळ, ते शिरेत गेल्यावर साठ मिनिटं स्वस्थ का बसायचं? तासाभरात त्यातलं ४६ टक्के विझतं. लगेच स्कॅन का करत नाहीत?

रेडिओफार्मासिस्टने डबा खाता खाता उत्तर दिलं. पहिल्या काही मिनिटांत तो पदार्थ सगळीकडे असतो, रक्तात, स्नायूंत, यकृतात. तेव्हा चित्र काढलं तर सगळंच उजळ, म्हणजे काहीच नाही. हळूहळू जिथे धरायला जागा नाही तिथून तो निघून जातो, मूत्रपिंडांतून गाळला जातो, आणि जिथे प्रथिनाने त्याला पकडलंय तिथे तो राहतो, पेशीच्या आतही ओढला जातो. ठिपका प्रखर होण्यापेक्षा आजूबाजूचं विझणं जास्त कामाचं. म्हणून साधारण पन्नास ते शंभर मिनिटांच्या आत चित्र घ्यायचं. त्याआधी पार्श्वभूमी गढूळ, त्यानंतर गॅलियमच इतकं कमी की चित्रात कण दिसू लागतात. कधी कधी एखादी शंकास्पद जागा असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा एकदा घेतात, कारण खरी गाठ उशिरा अधिक ठळक होते. म्हणजे या खोलीत एक वेळ संपत असतो आणि एक वेळ येत असते, आणि त्या दोघांची गाठ पडते तेव्हाच माणसाला टेबलावर घ्यायचं. मी वहीत हे लिहिलं आणि मराठीचे आभार मानले. दुसऱ्या कुठल्या भाषेत मला ते इतकं थोडक्यात लिहिता आलं नसतं.

यात आणखी एक अडचण असते, मूत्राशयाची. निघून जाणारं गॅलियम तिथेच जमतं, आणि मूत्राशय प्रोस्टेटच्या जागेला अगदी लागून. आप्पांचा आजार परतला असेल, तर बहुधा तिथेच, त्या उजेडाच्या शेजारी. दिव्याखालचं काजवं शोधण्यासारखं. म्हणून इंजेक्शननंतर भरपूर पाणी प्या, काहींना लघवी वाढवणारं औषध देतात, आणि टेबलावर चढण्याच्या अगदी आधी मूत्राशय रिकामं करा. 'अगदी आधी' हे शब्द मी आप्पांच्या कार्डावर अधोरेखित केले होते. ते त्यांनी शब्दशः घेतले. एक वाजायला आठ मिनिटं असताना नर्स बोलवायला आली, तर ते नव्हते. दोन मिनिटांनी हात पुसत आले आणि तिला घड्याळ दाखवून म्हणाले, "राइट टाइम." हे मला नंतर तिनेच सांगितलं, हसत.

टेबलावर वीस मिनिटं. गॅलियमचे बहुतेक अणू विझताना एकेक पॉझिट्रॉन सोडतात, तो जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून दोघेही नाहीसे होतात आणि दोन किरण नेमक्या विरुद्ध दिशांना निघतात. भोवतीचं कडं ते दोन्ही एकदम टिपतं, आणि अशा असंख्य रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठिपका उमटतो. विझल्यावर मागे उरतं ते जस्त, स्थिर आणि निरुपद्रवी. निरोगी प्रोस्टेटमध्ये जस्त इतर अवयवांपेक्षा मुळातच जास्त असतं. संध्याकाळपर्यंत आप्पांच्या अंगातलं गॅलियम नगण्य झालं होतं, तरी पत्रकात काही तास लहान मुलांपासून दूर राहा असं होतं, म्हणून ते माझ्या मुलाशी गॅलरीतून दारातल्या दाराला बुद्धिबळ खेळले. सोंगट्या मुलाने हलवल्या.

दोन दिवसांनी अहवाल आला. इंग्रजीतलं एक वाक्य, आणि मला तेच सगळ्यात अवघड गेलं. लाळग्रंथी, मूत्रपिंडं वगैरे अपेक्षेप्रमाणे. बाकी कुठे पीएसएमए ओढून घेणारी जागा आढळली नाही. घरातल्या फोनवर काकू, आत्या, भाऊ सगळे एकच वाक्य ऐकायला टपले होते. 'काही नाही' एवढं म्हटलं असतं तर त्या रात्री सगळे झोपले असते. पण अहवालात 'काही नाही' असं नव्हतं, 'काही दिसलं नाही' असं होतं. त्या ६३५ जणांमध्येही पीएसए कमी असलेल्यांपैकी ६२ टक्क्यांना काही दिसलं नव्हतं आणि त्यांचं पीएसए तरीही वाढतच होतं. चार-पाच मिलिमीटरच्या आतलं बरंचसं या कड्यालाही सापडत नाही. मराठीत या दोन वाक्यांत एकाच शब्दाचा फरक आहे, आणि तो शब्द गाळणं हा आपल्याकडे नातेवाइकांचा धर्म मानला जातो.

मी तो गाळला नाही. आप्पांना सांगितलं, काही दिसलं नाही. ते म्हणाले, "पण आकडा आहे." हो, म्हटलं, आकडा आहे. "मग गाडी आहे कुठंतरी. फलाटावर नाही एवढंच." त्यांनी वहीत तारीख लिहून पुढे तीन शब्द लिहिले: 'स्कॅन: दिसलं नाही'. भावाने फोनवर विचारलं, तेव्हा त्यांनी हेच वाचून दाखवलं, आणि तिकडची दोन सेकंदांची शांतता मला स्पीकरवर ऐकू आली. भाऊ नंतर मला म्हणाला, एवढं स्पष्ट कशाला. आप्पा बाजूलाच बसले होते. "मी तीस वर्षं लोकांना गाडी रद्द झाली असं तोंडावर सांगितलंय," म्हणाले. "सांगितलं की माणूस दुसरी सोय बघतो. न सांगितलं की बसून राहतो."

दुसरी सोय म्हणजे रेडिएशन. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं आणि आता त्यात काही बदललं नव्हतं, फक्त दूर कुठे पसरलेलं दिसत नाही एवढी खात्री वाढली होती. पुढेमागे लागलीच तर याच प्रथिनाचा माग काढत जाऊन मारा करणारी उपचारपद्धतीही आहे. त्यात गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ असतं, साडेसहा दिवसांहून थोडं जास्त अर्धायुष्य असलेलं. ते तुर्भ्याच्या 'ध्रुव' अणुभट्टीतही तयार होतं. "म्हणजे ही गाडी आपल्याकडनं सुटते," आप्पा म्हणाले, आणि वहीत 'तूर्त नको' असं लिहिलं.

जूनमध्ये रेडिएशन सुरू झालं, आठवड्याचे पाच दिवस, सात आठवडे. रोज अकरा चाळीसची वेळ. इथे नियम उलटा होता. मूत्राशय भरलेलं हवं, म्हणजे ते वर उचललं जातं आणि त्याचा बराचसा भाग माऱ्यातून वाचतो. म्हणून अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी. आप्पांना हे पटायला दोन दिवस लागले. "तिकडं रिकामं करून या म्हणाले, इकडं भरून. एकाच इमारतीत." मग त्यांनी बाटलीवर मार्करने रेघ मारून घेतली, अकरा दहा अशी वेळ लिहिली आणि एकदाही ती चुकवली नाही. दुसऱ्या आठवड्यात खुलन्याहून आलेले एक वृद्ध बाकावर शेजारी आले, त्यांना ना तमिळ येत होतं ना मराठी. आप्पांनी त्यांना बाटलीवरची रेघ दाखवली, मग घड्याळ दाखवलं, मग स्वतः एक घोट घेऊन दाखवला. त्यांना समजलं. मी पुस्तकातून मान वर केली, तेव्हा दोघेही पाणी पीत होते.